एकच हात

मुसफ्फ्याच्या कॅम्पात खोली नंबर चौदा.
बारा खाटा, एक एसी, एक खिडकी, जी उघडत नाही.
या मुलखात आमचं मत कोणी विचारत नाही,
म्हणूनच असेल,
दर सुट्टीला आम्ही खोलीत मतदान घ्यायचो:
डाळ की बटाटा, एसी बावीसवर की चोवीसवर.
हात वर. मोजा. संपलं.
हरलेला शिव्या घालत डाळ ओरपायचा.

मग रामसकल म्हणाला,
सकाळी सहाच्या आत खोलीत फोन नाही.
मल्लेश साडेचारला रात्रपाळीवरून यायचा,
तिकडे तेव्हा सहा वाजलेले,
पांघरुणात तोंड खुपसून
मुलीकडून तेराचा पाढा म्हणून घ्यायचा.
नऊ विरुद्ध दोन.
बारावा मल्लेश, ड्यूटीवर.
नवांतला एक हात माझा.
झोप मलाही हवी होती.

नियम दारावर हिंदीत लिहिला.
मल्लेशला तेलुगूच वाचता येतं,
मीच वाचून दाखवला.
"बरोबर. नऊ जण आहेत," एवढंच म्हणाला
आणि खाली पाण्याच्या टाकीपाशी गेला,
जूनमध्ये, जिथे पहाटे भिंतीही घामेजतात.

शटरिंगचे मुकादमचाचा, चिपळूणचे,
सव्वीस वर्षं इथल्या इमारतींना साचे ठोकणारे.
त्यांनी लेव्हल लावली, दारावर आडवी निळी रेघ मारली.
"हिच्या वरचं काय ते हात करून ठरवा.
खालचं नाही."
खाली लिहिलं: खाट. ताट. नमाज-पूजा. घरचा फोन.

"आणि ही रेघ कोणी पास केली?" रामसकलने विचारलं.
"हिच्यावर कुठे मतदान झालं?"
सवाल खोटा नव्हता.
चाचा पेन्सिल कानामागे खोचत म्हणाले,
"नाही झालं.
पण उद्या मी नवांत असेन की एकटा, मला माहीत नाही.
तुला आहे?"
हे उत्तर पुरं पडत नाही, असं मला अजून वाटतं.

चाचा गेले गावी, कायमचे.
इन्स्पेक्शनच्या आधी कंपनीने दारं रंगवली, फिकट पिवळी.
एकाच गावचे सात नवे आले,
आणि पहिल्याच सुट्टीला
माझ्या खाटेखालच्या सुक्या जवळ्याच्या डब्यावर
सात हात वर गेले.
वास येतो. येतोच. बहिणीने दिलेला.

मी दाराकडे पाहिलं.
ठेकेदाराने रंगाचा एकच हात दिला होता.
मी तोंड उघडायच्या आत
रामसकल खाटेवरून उतरला
आणि दारापाशी उकिडवा बसून
नखाने पिवळं खरवडू लागला.