कडेची पट्टी

तुर्भ्याच्या गाळ्यात मी बिलं लिहिते.
बर्मा साग, डेकचा, घनफुटाचा भाव.
खिळ्यांची भोकं तशीच ठेवून: त्याचे जास्त.
गंजाचे काळे डाग: त्याचेही.
इस्माईलशेठ म्हणतात, भोक बुजवलं
की लाकूड नुसतं लाकूड उरतं, बाई.

दारुखान्याहून टेम्पो आला
की हिराजी मिस्त्री आधी फळी हुंगतो.
ही इंजिनाजवळची. ही भटारखान्यातली.
एकदा म्हणाला, ही कुणाच्या तरी उशाची,
आणि कशावरून ते सांगितलं नाही.
लोहचुंबक फिरवत राहिला तिच्यावरून,
मोडक्या खिळ्यावर रंध्याची धार जाते म्हणून.

ते टेबल मात्र अख्खं आलं.
आठ माणसांचं,
पायांना जमिनीत आवळायच्या चकत्या,
चारी कडांना बोटभर उंच पट्टी.
मी विचारलं, ही कशाला?
"जहाज कललं तर आमटी
मांडीत येऊ नये म्हणून."

पाम बीचला सतराव्या मजल्यावर गेलं.
आठव्या दिवशी वझिराणीबाईंचा फोन:
जुनेपणा राहू द्या सगळा,
पण पट्टी कोपरांना लागते, तेवढी काढा.
मी लिहिलं, कड साफ करणे, मजुरी नऊशे.
मिस्त्री पटाशी घेऊन गेला,
संध्याकाळी चारी पट्ट्या घेऊन आला
पितळी स्क्रूंसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून.
"एक चीर गेलेली नाही," एवढंच बोलला.
मी त्यांचा भाव लावायला गेले
तर शेठ म्हणाले, सोड.

दिवाळ्याला त्याच्या घरी गेले
ती पोरीच्या हळदीला.
खाडीपलीकडे डोंगर फोडणं चालू होतं.
दोनचा सुरुंग उडाला.
जमीन पायाखालून किंचित सरकली,
माझ्या हातातलं सरबत साडीवर.
मांडणीवरचे टोप, वाट्या, पितळी डबा
सगळे एकदम पुढे आले,
पट्टीला टेकले,
थांबले.

त्याची बायको एकेक मागे सारत म्हणाली,
आधी रोज वेचत बसायचे मी.

बाहेर मांडवाचा बांबू धरून उभा मिस्त्री
तिथूनच ओरडला, कसा होता गं आजचा?
भरती किती चढली
असं विचारावं तसं.

ती म्हणाली, बारीक.