नको असलेला आवाज

उद्यमनगरच्या मागच्या अंगाला आयटीआय,
वरच्या मजल्यावर तीन दिवसांची कार्यशाळा:
'ऑनलाइन अध्ययन साहित्य निर्मिती'.
मी साधनव्यक्ती, असं पत्रात लिहिलेलं,
आणि टेबलावरच्या पाटीवर माझं आडनाव चुकलेलं.

अठरा निदेशक, सतरा लॉगिन.
एकाचा पासवर्ड फक्त पोराला ठाऊक,
पोरगं हिंजवडीत, फोन उचलत नाही.

पहिल्या दिवशी मी नेहमीचंच सांगितलं:
व्हिडिओ सहा मिनिटांच्या वर नको,
एका स्लाइडवर एकच मुद्दा,
शेवटी प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय.
मोल्डिंगचे खोतसर समास आखून उतरवून घेत होते.
मग हात वर केला.
"मॅडम, वाळूत पाणी बरोबर पडलंय का
हे मुठीत दाबून मोडल्यावर कळतंय.
ह्यात पर्याय कुठला लिहू?"
"वरीलपैकी सर्व," मी म्हणाले. सगळे हसले.
मीही हसले,
आणि रात्री शाहूपुरीतल्या लॉजवर
तो प्रश्न उशाशी येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग.
शमशाद मुल्लाणींनी सुईत धागा ओवला
तो कॅमेऱ्याकडे पाठ करून.
"पोरी माझ्या खांद्यावरनं बघतात,
समोरनं न्हाई."
बारा वर्षं मी शिकवत आलेय
की चेहरा दिसलाच पाहिजे.

दुपारी खाली, लेथवर, मगदूम मास्तर.
निवृत्तीला सात महिने.
मी कॉलरला माइक लावायला गेले तर
दोन पावलं मागं सरले:
"वायर लोंबती नको. गुंडाळली की माणूस आत."
मग फोन टूलबॉक्सवर टेकवून ठेवला.
त्यांनी चकात दांडा आवळला,
चावी आठवणीनं काढली,
टूल पुढं सरकवलं
आणि बोलायचे थांबले.
दहा सेकंद. वीस.
मी हातानं खुणावलं, बोला की.
त्यांनी मान हलवली.
चाळीस सेकंद नुसता धातूचा कीस
निळसर, वळ्या घेत, ट्रेमध्ये पडत राहिला.

संध्याकाळी मी एक बटण दाबून दाखवलं.
पार्श्वभूमीचा गोंगाट गायब.
"बघा, किती स्वच्छ झालं!"
पडद्यावर मिटलेल्या ओठांचा माणूस,
फिरणारा दांडा, आणि शांतता
बँकेच्या लॉकरसारखी.

मास्तरांनी हेडफोन एका कानावरनं काढला.
"धडा कुठं गेला?"

"कुठला धडा?"

"त्यो आवाज. धार बसली की एकच सूर लागतोय,
बोथट झालं की किरकिरतंय.
पोरानं डोळं मिटून सांगाय पाहिजे
टूल कवा बदलायचं ते.
माझं गप्प बसणं तेवढं ठेवलासा, मॅडम,
आणि शिकवणं पुसलासा."

पंखा फिरत होता. कुणीतरी चहाचे कप गोळा करत थांबलं.
मी बटण उलटं फिरवलं.
आवाज परत आला, खोली भरून,
आणि न सांगता सगळ्यांनी डोळे मिटले:
वेल्डिंगवाले, वायरमनवाले, शमशाद.
एकविसाव्या सेकंदाला मास्तर म्हणाले, "हितं."
मला काही कळलं नाही.
पुन्हा लावलं. "हितं."
तिसऱ्यांदा, बहुतेक, कळलं.
शपथेवर सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं, फोटो, अभिप्रायाचे फॉर्म.
पाटीवरचं आडनाव तसंच.
हिंजवडीहून फोन आला तेव्हा
लॅबला कुलूप लागत होतं.

आठवडा झाला. मी घरी बसून साहित्य तपासतेय.
खोतसरांनी एकच प्रश्न पाठवलाय:
'मूठभर वाळू घ्या. दाबा. मोडा.
कड कशी आली?'
पर्याय भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही,
म्हणून त्यांनी भरलेत:
अ) येऊन दाखवा
ब) येऊन दाखवा
क) येऊन दाखवा
ड) येताना डबा आणा

सिस्टीम मला विचारते आहे,
यातलं बरोबर उत्तर कोणतं.