नऊ इंच

धरणगावच्या कापूस संघाची इमारत पाडायचं ठरलं
तेव्हा बऱ्हाटे साहेबांना जाऊन एकवीस वर्षं झाली होती
आणि मला फोन आला तो नकाशांसाठी.
ट्रेसिंग तुम्हीच करायचात ना?
हो. मीच.

पत्र्याच्या नळकांड्यात निघाले. निम्मे वाळवीचे,
उरलेल्यांवर माझं विशीतलं अक्षर:
जिना, कचेरी, वजनकाटा.
उत्तरेचा बाण मात्र साहेबांच्या हातचा.
म्हणायचे, बाकी कुठंही चूक,
खानदेशात ऊन कुठून येतं ते चुकू नकोस.

छप्पर म्हणजे घड्या घातलेलं काँक्रीट,
खाली एकही खांब नाही;
चारशे माणसं एकदम भावावरून भांडतील
एवढी सलग सावली.
भिंतींवर अजून सेंट्रिंगच्या फळ्यांचे डोळे,
सातपुड्यातल्या सागाचे.
साग गेला, भिंत त्याला आठवत उभी.

अहवालात लिहिलंय: लोखंड गंजलेले, आयुष्य संपलेले.
चोपन्न वर्षांची इमारत.
मी त्र्याहत्तरचा,
मला अजून तसं लेखी कुणी दिलेलं नाही.

अहवालाखाली सही जिची, ती हेमांगी बाविस्कर
टेपचं दुसरं टोक धरून म्हणाली,
काका, पाडायच्या आधी मोजून तरी ठेवू.

मे महिन्यात दोन दिवस मोजत होतो.
तिनं आकडा म्हणायचा, मी कागदावर बघायचा.
जुळला. जुळला. हाही जुळला.
मान जरा ताठ झाली माझी, खोटं कशाला बोलू.

मग पश्चिमेची जाळी.
कागदावर जमिनीपासून तीन फूट,
भिंतीत सव्वादोन.
पुन्हा मोजलं. सव्वादोनच.
अर्ध्या इंचासाठी अख्खी शीट फाडायला लावणारा माणूस,
आणि नऊ इंच?

रतिलाल तोलार तेव्हापासून काट्यावर.
म्हणाले, तो उखर्डू मिस्तरी नव्हता का,
भाकर खायला तिथं टेकायचा.
साहेबांनाच म्हणाला,
साहेब, खाले बठीसन दखा, आठून वारा येस.
साहेब बसले. इस्त्रीच्या पँटीत, खडीवर.
बराच वेळ बसले.
मग उठून फळी खाली घ्यायला सांगितली.

मला कुणी काही सांगितलं नाही.
मी जळगावच्या ऑफिसात, पंख्याखाली,
तीनच फूट शाईनं पक्के करत होतो.

हेमांगीनं विचारलं, कुठला आकडा लिहू?
म्हटलं, आधी बस इथं.
बसली. थोड्या वेळानं मानेवरची ओढणी तिनं काढून ठेवली.
वही मांडीवर तशीच उघडी.

यंत्र मंगळवारी येणार आहे.
सोमवारी रात्री मी नकाशा काढला,
तीन फुटांवर रेघ मारून सव्वादोन लिहिलं,
हात थरथरला, पण आकडा स्वच्छ आला.
खाली चौकट असते: दुरुस्ती कोणी सुचवली.
उखर्डू, लिहिलं.
आडनाव रतिलालभाऊंनाही आठवेना.
तेवढी जागा कोरी ठेवली आहे.