अंगी लागणं

बेलापूरला, पारसिकच्या चढाआधी
थांबून केळं खाते.
पूर्वी हसले असते मी अशा बाईला.

सात महिन्यांपूर्वी नडगीवर
केसाएवढी रेघ निघाली.
"काय खाऊन पळत होतात?" ग्लेनिसने विचारलं.
काळी कॉफी, म्हटलं. आणि जिद्द.
तिने कागदावर फक्त कॉफी लिहिलं.

आता मंगळवारी, शुक्रवारी
नेरुळच्या एका तळघरात लोखंड उचलते.
शेजारी गोवारीकाका, गुडघा बदललेले,
माझ्याहून पाच किलो जास्त,
वर विचारतात, जेवलीस का?

जेवले.
रताळं, दोन अंडी, रात्रीचा फोडणीचा भात.
खिशात बिया काढलेले खजूर,
सातव्या किलोमीटरला,
भूक लागायच्या आधी.
हे "आधी" शिकायला
एक हाड द्यावं लागलं.

चढावर एक पोरगी मला मागे टाकते.
खांद्यांची हाडं टी-शर्टातून वर आलेली,
वेग माझाच, जुना.
हाक मारावीशी वाटते. पण
मलाही मारली होती कुणी,
मी घड्याळ बघत होते.

माथ्यावर ती भेटते, गुडघ्यांवर हात, ओणवी.
खाली खाडी, ओहोटीची.
काही न बोलता मूठ उघडते.
ती एक खजूर उचलते,
आणि दुसऱ्याकडे बघते.