मुक्काम तिथंच

दस्तगीरमामूंनी मोबाईल लांब धरला,
मग जवळ,
मग माझ्या हातात दिला.
"चष्मा खाली ऱ्हायलाय, तू वाच की."

मॉरिशसहून पोरानं फोटो पाठवलेला.
जमीर तिथं हॉटेलात कांदे चिरतो,
सुट्टी मिळाली म्हणून रानात गेला, तर हे कबूतर.
गुलाबी.
म्हणजे रंगपंचमी होऊन चार दिवस झाल्यावर
मानेवर उरतो तेवढंच.
पंख तपकिरी, शेपूट जुन्या कौलाची.

मामूंनी आधी डोळा पाहिला, मग चोच,
बाजारात हातात घेऊन पाहावं तसं.
"अंग भारी हाय. लांब उडत नसंल."

मी वाचत गेलो:
जगात दुसरीकडं कुठंच नाही.
एकेकाळी रानात दहा-बारा उरली होती,
मांजरं, उंदीर, माकडं, तुटलेली झाडं.
मग माणसांनी त्यांची अंडी होल्यांखाली उबवली,
आता काही शे आहेत.

"धा-बारा?"
मामूंनी ढाबळीकडं पाहिलं.
खालच्या खणात तेवढी तर नुसती पिल्लं होती.

"टोपलीत घालून मिरजेला सोडलं तर?"
तिथं मिरज नाही मामू. पलीकडं समुद्रच.
"म्हंजे सोडायचंच न्हाई."
सोडायचंच नाही.
"मग घर कुठलं, हे त्याला कळतंय कसं?"

याचं उत्तर त्या मजकुरात नव्हतं.

पायात दोन कडी होती, एक निळं, एक पांढरं.
मामूंची पाखरं हुपरीचं वाळं घालून उडतात,
कागलात कुणाच्या गच्चीवर उतरली
तरी वाळं बघून फोन येतो.
"ह्येचा मालक कोण?"
कुणी नाही.
"वाळं हाय की पायात."
ते मोजायला घातलंय.
"मोजतोय त्योच मालक."

खिळ्याची वही काढली त्यांनी.
पाखरू, कुठनं सोडलं, किती वाजता आलं.
खाली नवी ओळ:
गुलाबी, जमीरचं.
सोडलं, रेघ.
आलं, रेघ.
शेऱ्यात, मुक्काम तिथंच.

गंगावेशीवरून थवा शेवटचा वळला.
मामूंनी शीळ घातली, बाजरीचा डबा वाजवला,
एकेक उतरत गेलं. एकेचाळीस.
भुरी अजून बाहेर.

सात वाजले.
तिकडं घड्याळ दीड तास मागं आहे म्हणतात,
म्हणजे साडेपाच,
थोडा उजेड असेल अजून.

डबा त्यांनी खाली ठेवला नाही.