गोळी दिसेल अशी फरशी

घाटकोपरच्या शोरूममध्ये आई शिरली
ती चपला दाराशी काढूनच.
जिग्नेश म्हणाला, "मावशी, असू द्या, चालतं."
"तुम्हाला चालतं," आई म्हणाली, "मला चालायचंय."

भिंतीला टेकवलेल्या टाइल्स
तिनं एकेक करून जमिनीवर ठेवायला लावल्या,
दोन बाय चारचे जड, गुळगुळीत तक्ते,
इटालियन नावाची, मोरबीत भाजलेली माती.

माझ्या हातात यादी :
मॅट की ग्लॉसी, सांध्यात इपॉक्सी की साधं सिमेंट,
मोरीत पाय सरकणार नाही असं काहीतरी,
तुटफूट दहा टक्के धरून स्क्वेअर फुटाचा भाव.
बिल्डर देतोय ती नको, एवढंच आमचं घरी ठरलेलं.
आईच्या हातात नुसती पर्स.

"धूळ दिसत नाही असा रंग दाखवू?
सगळे तोच नेतात. केस पडू दे, काही पडू दे,
काही म्हणता काही दिसत नाही."
आई म्हणाली, "दिसत नाही म्हणून जात नाही."

मग पर्स उघडली,
प्रेशरची एक गोळी पाकिटातून फोडली,
पांढरी, मसुराएवढी,
आणि उभ्यानंच दिली सोडून.

संगमरवरी शिरांवर ती गेली ती गेलीच.
बेज रंगावर जिग्नेशला सापडली, तिला नाही.
लाकडासारख्या पट्ट्यांवर
एका खोट्या गाठीशेजारी जाऊन बसली,
आई चष्मा वरखाली करत वीतभर पलीकडे शोधत राहिली.

मला वाटायचं, ती विसरते.
फ्रिजवर तक्ता लावला होता मी,
प्रत्येक वाराला वेगळा रंग,
फोनवरून ओरडलेही होते एकदोनदा.
ती विसरत नव्हती. गोळ्या पडत होत्या.
आणि टिळकनगरच्या जुन्या मोझॅकवर,
त्या पांढऱ्या, काळ्या, तांबूस खड्यांत
पडलेली गोळी म्हणजे आणखी एक खडा.
किती दिवस केरातून औषध वेचलं असेल तिनं,
केर काढता काढता.

शेवटी जिग्नेशनं मागून आणला कोट्याचा एक तुकडा,
हिरवट काळा, हाताला किंचित खरखरीत.
"पण मावशी, हा जिन्याला घालतात."
"मग पायाला ओळखीचाच."
टक्क.
आईनं वाकून पहिल्या फटक्यात उचलली,
पदराला पुसली
आणि पाण्याशिवाय गिळून टाकली.
"दुपारची राहिलीच होती," म्हणाली.

गालिच्याचं तिनं मला विचारलंही नाही.
बाबांनी प्रदर्शनातून हप्त्यांवर आणलेला मिर्झापुरी,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटामागे उभा,
वर्षातून दोनदा पाहुण्यांसाठी आडवा व्हायचा,
ऑगस्टात ओल्या कुत्र्यासारखा वास मारायचा,
डांबराच्या गोळ्या घाला नाहीतर कडुलिंब.
दगडावर तो सरकणार, कडेला अंगठा अडकणार,
म्हणून तिनं चादरींची मोठी कात्री घेतली.
एक तुकडा शिलाई मशीनखाली, मागे रबर चिकटवून,
एक वॉचमन शिवपूजनच्या खुर्चीला,
बाकीचा कुठे गेला, सांगत नाही.

हरकेश मिस्त्री नाण्यानं फरशी वाजवत
उकिडवा घरभर फिरला,
पोकळ वाजल्या त्या पाच पुन्हा काढून बसवल्या.
जाताना बजावून गेला :
अ‍ॅसिड नाही, लिंबू सांडलं तर लगेच पुसायचं,
कोमट पाणी, कोरडं फडकं,
दिवाळीला वाटलंच तर तेलाचा हात.

आता या घरात सगळंच दिसतं.
पावडरीची पावलं, नखाचा तुकडा, मीठ.
आई दिवसातून तीनदा झाडते आणि खुशीत कुरकुरते.
मीही आता खाली बघत चालते.
काल स्वयंपाकघराच्या दारात पांढरं काही दिसलं,
छातीत धस्स झालं, वाकले.

मुरमुरा होता.