बदली तासिकांची वही

सकाळी सात वाजून पाच. घणसोली, सेक्टर सात.
हिराजी मढवी मस्टर आणून ठेवतो,
त्यावर आडवं लाल पेन.
लाल पेन मी मागितलं नव्हतं.
ते टेबलाबरोबर आलं,
काचेखालच्या पिवळ्या परिपत्रकांबरोबर,
आणि या खुर्चीबरोबर, जिचं एक चाक
गेल्या तीन मुख्याध्यापकांपासून अडतंय.

मेपर्यंत मी भूगोल शिकवायची.
स्टाफरूममध्ये पंख्याखालची तिसरी जागा माझी.
कुंदा तांडेलच्या डब्यातली सुकटीची चटणी
न विचारता माझ्या पोळीवर यायची.
आता मी दारात उभी राहिले
की चालू वाक्य खाली बसतं.
चटणी अजून येते,
पण झाकणाच्या वाटीतून,
हिराजीच्या हाती.

संस्थेचे सचिव फोनवर म्हणतात,
धाक ठेवा, मॅडम.
आधीच्या सरांनी निरोपाच्या दिवशी कानात सांगितलं होतं,
सांभाळून घ्या सगळ्यांना.
दोघांनीही हे सांगितलं नाही
की इब्राहीम ताडवींच्या नावापुढे
या महिन्यातला तिसरा लेटमार्क मारताना
हात कुठे ठेवायचा.

ताडवी म्हणाले, शिळफाटा.
शिळफाटा हे आमच्या शाळेत कारण नाही,
तो एक ऋतू आहे, बारमाही.
मी विचारलं, किती वाजता पोचता येईल?
नक्की, रोज?
ते जरा वेळ पारसिकच्या डोंगराकडे बघत राहिले.
कारण सगळे विचारतात, म्हणाले,
वेळ कुणी विचारली नव्हती.
मग पहिल्या तासाला खेळ आला,
बीजगणित तिसऱ्याला सरकलं.
एक खोडरबर लागलं, आणि
खेळाच्या सरांशी पाऊण तासाचं भांडण.

खरी शाळा मात्र या लांब वहीत आहे.
गैरहजर कोण, तास कितवा, कोण घेणार, सही.
कुणाची सही कागद फाडते,
कुणाची मुंगीएवढी,
कुणी सही करतच नाही, नुसतं लिहितं: पाहिले.
मान्य नाही. अमान्य नाही. पाहिले.

एका शनिवारी गेल्या वर्षाची पानं मोजत बसले.
अर्चना गवई: एक्केचाळीस बदली तास.
कुंदा तांडेल: सहा.
मी: नऊ.
नऊ! आणि मला वाटायचं, माझ्यावर फार पडतं.
अर्चना कधी नाही म्हणत नाही.
त्यामुळे सगळ्यांना ती फार आवडते,
आणि सगळे तिला फार वापरतात,
आणि सोमवारी सकाळी घाईत
आठवी ब, सातवा तास, यापुढे
मीही तिचंच नाव लिहिलं होतं.

खोडलं.
तांडेल लिहिलं.
वही फिरून आली. सही होती,
तीन पानांपर्यंत उमटलेली.
त्या दिवशी वाटी आली नाही.
मंगळवारीही नाही.
हिराजीने टेबल दोनदा पुसलं
आणि काही विचारलं नाही, हे त्याचं कसब.

बुधवारी दोघी रजेवर, एक सर निवडणुकीच्या कामाला.
रकान्यात नावं भरत खाली आले,
आठवी ब पुन्हा उरली, सातवा तास,
ऐरोलीच्या खाडीवरून येणारं दमट ऊन,
पंचावन्न मुलं, घरी जायला टेकलेली.
कोण घेणार?
या रकान्यात गेल्या बारा वर्षांत
मुख्याध्यापकाचं नाव एकदाही नाही. मी मोजलंय.

लिहिलं. मग सही करायला गेले
तर पेन आपोआप दाबलं गेलं,
कागद जवळजवळ फाटलाच.
अच्छा, म्हणजे असं होतं तर.

सहीखाली जागा होती.
तिथे बारीक अक्षरात लिहिलं: पाहिले.
आणि खडू घ्यायला
स्टाफरूममध्ये गेले.